सुटल्यानंतरची हाक

सासरे निर्दोष सुटले, त्या दिवशी मी कारखान्यातून अर्धी रजा टाकून घरी आले आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसले. मटण नवरा येताना आणणार होता. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात कितीतरी वर्षांनी काही साजरं करायचं होतं, आणि देशावरची असूनही मला इथल्यासारखी पातळ भाकरी जमते हे दाखवायची हौस मला अजून होती. सासरे कोर्टातून आले, हातपाय धुतले आणि मागच्या ओट्यावर टेकले. मी पाणी नेऊन दिलं. "सुटलात बाबा," मी म्हणाले. त्यांनी तांब्या तोंडाला लावला, आणि तेवढ्यात परसातल्या खोलीकडे मान वळवून खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर!"

परसात कुणी नव्हतं. दोरीवर कपडे होते, पेरूचं झाड होतं आणि ती बंद खोली.

खोलीबद्दल आधी सांगायला हवं. सासऱ्यांची शेती गेली, तिच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. उरलं ते हे घर आणि मागे बांधलेली एक लांबट खोली. ती त्यांनी उल्हासनगरच्या एका कापड व्यापाऱ्याला माल ठेवायला दिली होती. पुढे तो व्यापारी त्यांचा जिवलग झाला. आमच्या स्वयंपाकघरात बसून सुक्या बोंबलाची चटणी खायचा आणि माझ्या घरी सांगू नका म्हणून बजावायचा. त्याला परदेशातून कापड मागवायचं होतं, पण आयातीचा परवाना स्वतःच्या नावावर काढण्यात त्याची काहीतरी अडचण होती. त्याने सासऱ्यांकडे नाव मागितलं. आमच्या या भागात नाव देणं ही काही मोठी गोष्ट समजत नाहीत. चुलत्याच्या जमिनीला पुतण्याचं नाव, मेहुण्याच्या टेम्पोला भाच्याचं, असं सगळं सुखाने चालतं. नाव मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. सासऱ्यांनी सह्या केल्या आणि विसरून गेले.

मग एक दिवस कस्टम्सचे लोक आले. कागदावर हलकं कापड दाखवून भारी कापड आणलं, सरकारचं शुल्क बुडवलं, असा आरोप होता. खोली ताग्यांनी छतापर्यंत भरलेली. एवढा माल न्यायचा कुठे, म्हणून त्यांनी तो तिथेच ठेवला. दाराला कुलूप, कुलपावर कापडी पट्टी, पट्टीवर लाखेचं सील, आणि सासऱ्यांकडून सुपूर्दनामा लिहून घेतला. त्याचा अर्थ मला नवऱ्याने सांगितला तो असा, की माल सरकारच्या ताब्यात पण राखण आपली. सीलला धक्का लागला तर जबाबदार आपण. आपल्याच घरात आपल्याच विरुद्धचा पुरावा सांभाळायचा, आणि उंदरांपासूनसुद्धा सांभाळायचा. मला तेव्हा हसू आलं होतं. सासरे मात्र रोज तिन्हीसांजेला जाऊन सील बघून यायचे, देवाला हात जोडावेत तसे तिथे क्षणभर उभे राहायचे.

कस्टम्स खात्याने आधी आपल्या पातळीवर चौकशी केली, माल सरकारजमा ठरवला, दंड लावला. तो व्यापाऱ्याने मुकाट्याने भरला. आम्हाला वाटलं, झालं. तर वर फौजदारी खटला उभा राहिला. सासऱ्यांनी वकिलांना विचारलं, "एका कापडाला दोनदा कसा पकरतान?" वकील बदलापूरचे, बोलायला गोड. ते म्हणाले, "काका, खात्याची चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे. कायद्याच्या हिशेबी तुम्हाला अजून एकदाही पकडलेलं नाही." मी वकिलांच्या जागी असते तर हे इतक्या आनंदाने सांगितलं नसतं.

आता हाकेची गोष्ट. आमच्या घरात एक नियम आहे, तो सासऱ्यांच्या आईपासून चालत आलाय. दिवेलागणीला बाहेरून कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारील. दुसरं काही असेल ते तिसऱ्यांदा मारत नाही. आणि त्याला ओ दिली की ते तुमच्या मागे लागलं. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी याची भरपूर थट्टा केली. दारात उभा राहून गॅसवाला बोंबलतोय आणि घरातले सगळे श्वास रोखून तिसरी हाक मोजतायत, हे मी माहेरी जाऊन सर्वांना करून दाखवायचे.

पण या सवयीने सासऱ्यांचा घात केला. खटल्याच्या सुरुवातीच्या एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ते वेळेवर उभे होते. शिपायाने दारात येऊन त्यांचं नाव पुकारलं, बापाच्या नावासकट. सासरे गप्प. पुन्हा पुकारलं. सासरे गप्पच, कारण साठ वर्षांची सवय. शिपायाला घाई असावी, तिसरी हाक त्याने मारलीच नाही. आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघालं आणि पोलीस घरी आले. सासरे त्यांना सांगत होते, "मी होतू ना तथं, दारातच होतू." हवालदार म्हणाला, "मग ओ द्यायला काय झालं होतं?" ते वॉरंट वकिलांनी रद्द करून घेतलं, पण शेजारपाजाऱ्यांसमोर पोलिसांच्या गाडीत बसावं लागलं ते लागलंच.

त्या दिवसापासून सासऱ्यांनी नियम मोडला. पहिल्या हाकेला, कधीकधी नाव पुरं व्हायच्या आत, "हजर!" कोर्टात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे. घरातही. नवऱ्याने "बाबा" म्हणायचा अवकाश, ते उभे. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

खटला लांबत गेला. व्यापारी मधेच हार्टफेलने वारला आणि त्याचं नाव खटल्यातून कमी झालं. सासरे मयतीहून आले ते थेट खोलीसमोर जाऊन बसले. "तो सुटला," एवढंच म्हणाले. ज्याचा माल तो गेला आणि ज्याचं नुसतं नाव तो राहिला. त्याच सुमारास त्यांना पहिल्यांदा हाक ऐकू आली. तिन्हीसांज होती, ते सील बघायला गेले होते. मी दोरीवरचे कपडे काढत होते. ते एकदम ताठ झाले आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "हजर!" मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "आतून मना कोनी हाक मारली गो?"

"उंदीर असतील," मी म्हणाले.

"उंदीर बापाचा नाव घेतान?"

मी हसले नाही. त्या वेळी वारा नव्हता, पेरूचं पान हलत नव्हतं, आणि सीलची पट्टी मात्र आतून कुणी श्वास सोडावा तशी जराशी फुगून खाली बसत होती. दारातून नव्या कापडाचा खळीचा वास येत होता. इतक्या वर्षांत तो वास कमी व्हायला हवा होता. मी कपडे तसेच दोरीवर टाकून घरात आले.

म्हणून सुटकेच्या दिवशी मला वाटलं होतं, आता हे थांबेल. साक्षीदार फिरले होते, जबाब टिकले नव्हते, न्यायाधीशांनी निर्दोष म्हटलं होतं. तरी "हजर" आलंच. मी वकिलांना फोन लावला आणि भांडल्यासारखं विचारलं, "आता यांना पुन्हा बोलावणार का कुणी?"

"ताई, त्याच गुन्ह्यासाठी दुसरा खटला नाही. कायदाच आहे तसा."

"मग बाबांना सांगा तसं. तुमचं ऐकतील."

"सांगतो. फक्त खातं वर अपील करू शकतं. त्याला मुदत असते. आणि अपील म्हणजे काही दुसरा खटला नाही, तोच खटला पुढे जातो."

"म्हणजे बोलावणार."

"बोलावू शकतात," वकील म्हणाले. "मुदत जाऊ द्या, मग निवांत."

हे मी सासऱ्यांना सांगायला नको होतं, पण त्यांनी विचारलं आणि मला खोटं बोलता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दोन हाका झाल्या. एक खात्याची, एक कोर्टाची. तिसरी बाकी हाय."

ते दिवस मला नीट आठवायला आवडत नाही. सासरे जेवायचे ते तोंड परसाकडे करून. अंगावरचं मांस उतरलं. आता ते ओ देत नसत. तिसरीची वाट बघायची, हा आईचा नियम त्यांनी पुन्हा धरला होता; तिसरी आली तर मात्र ओ देऊन जावंच लागणार. दिवेलागण झाली की ओट्यावर बसायचे, एकदा दचकायचे, थोड्या वेळाने पुन्हा दचकायचे, आणि मग ओठ घट्ट मिटून, मुठी आवळून थांबायचे. नवरा म्हणायचा, "बाबा, टेन्शन नका घेऊ ना, खल्लास झाली केस." मी त्याला आत ओढून न्यायचे. मला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. पण रोज त्यांच्यासोबत मीसुद्धा थांबायला लागले होते, संध्याकाळी आनंदनगरच्या एमआयडीसीतून कारखान्याची बस सुटली की मनात यायचं, आपण पोचायच्या आत तिसरी आली तर?

मुदत गेली. त्यानंतरही बरेच महिने गेले. वकिलांनी चौकशी करून कळवलं, अपील झालेलं नाही, खात्याने तसा निर्णयच घेतलाय. "आता ब्रह्मदेव आला तरी या प्रकरणात काकांना कुणी बोलावत नाही." मी ते सासऱ्यांना मोठ्याने सांगितलं. ते म्हणाले, "मग ही खोली कनाला बंद हाय?"

खरंच होतं. माणूस सुटला होता, माल सुटला नव्हता. तो खात्याच्या चौकशीत सरकारजमा झालेला, त्याला कोर्टाची सुटका लागू नव्हती.

अखेर एका शनिवारी तो न्यायला खात्याचे लोक आले. टेम्पो, हमाल, दोन पंच आणि एक तरुण अधिकारी. त्याला यायला उशीर झाला होता, आमच्याकडे दिवे लागत होते. तो सभ्य होता, त्याने सील तपासलं, शाबूत आहे म्हणाला. सासऱ्यांच्या राखणीचं कौतुक करणारा तो पहिलाच सरकारी माणूस. मग सील तोडण्याआधी ज्याची राखण त्याने हजर असायला हवं, म्हणून खोलीच्या दाराशी उभं राहून, हातातला कागद वर धरून त्याने सासऱ्यांचं नाव वाचलं. बापाच्या नावासकट.

सासरे माझ्या शेजारी ओट्यावर होते. गप्प.

त्याने पुन्हा वाचलं. जरा मोठ्याने.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, नको. मी त्यांना म्हणायला हवं होतं की बाबा, हा माणूस आहे, बघा, त्याला घाम आलाय, त्याच्या खिशात पेन आहे. पण मला ते म्हणता आलं नाही. मला दिसत होतं की तिसरी हाक आली तर हे म्हातारं माणूस इथेच संपणार, आणि न आली तरी तिची वाट बघत संपणार. अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मी ओरडले, "ओ! हजर!"

अधिकारी दचकला. मग हसला. "अहो, त्यांना यायला सांगा."

सासरे उठले, चांगले सरळ चालत गेले. सील तुटलं, दार उघडलं. तागे होते तसेच होते, रंगसुद्धा उडाला नव्हता. हमालांनी सगळे बाहेर नेले. सासऱ्यांनी सही केली, रिकाम्या खोलीत पाऊल टाकून चारही कोपरे बघितले, आणि बाहेर आल्यावर माझ्यासमोर थांबले.

"तू कनाला ओ दिलीस?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, घाबरून.

त्या रात्रीपासून त्यांना गाढ झोप लागते. आता चांगले जाडजूड झालेत. लेकीकडे बदलापूरला चार-चार दिवस राहतात, गावच्या क्रिकेटच्या मॅचेस बघतात, समालोचकाशी हुज्जत घालतात. दिवेलागणीला ओट्यावर बसतात ते शेंगा खायला. त्यांना काही ऐकू येत नाही. हा माणूस खरोखर सुटला, आणि मला त्याचा आनंद आहे, तो मी मनापासून सांगते.

खोली आम्ही भाड्याने दिलेली नाही. मीच देऊ देत नाही. संध्याकाळी मी कपडे काढायला परसात जाते तेव्हा तिथून हाक येते. नाव अजून त्यांचंच असतं, बापाच्या नावासकट, पण ऐकू येते ती मला. एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा. मी कपडे छातीशी धरून थांबते.

मध्यंतरी वकील मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले होते. जाताना त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ज्याच्यावर कधी खटलाच चालला नाही, त्याला निर्दोष कोण ठरवतं?"

"त्याला कशाला ठरवायला हवं?" ते हसून म्हणाले. "त्याला कुणी बोलावलेलंच नसतं."