सडकेचा हिस्सा

मुलांना खेळातून पैशाची अक्कल शिकवणारी माणसं मला डोळ्यांसमोर नकोत. हल्ली अशी माणसं फार झाली आहेत. कोणी पत्त्यांतून शिकवतो, कोणी बुद्धिबळातून. माझ्या वाट्याला आले ते मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शिकवणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, एवढं कबूल करते. मात्र जे घेतलं ते कसं घेतलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमचं गाव लाखनीच्या अलीकडे, मोठ्या सडकेला लागून. घर एकत्र होतं. बाबा शेती पाहायचे आणि मोठेबाबा बाहेरचं पाहायचे. बाहेरचं म्हणजे धान तुमसरला गिरणीवर नेऊन विकायचं, येताना कोणाकडे तरी जेवून यायचं आणि आल्यावर जग कसं चालतं ते आम्हाला सांगायचं. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ते नागपूरहून पुठ्ठ्याची पेटी घेऊन आले. आत व्यापार नावाचा खेळ होता. फासे, रंगीत नोटा आणि शहरांची नावं लिहिलेला चौकोनी पट.

दुपारी दारं लावून घेतली की माजघरात पट मांडला जायचा. खेळायला आम्ही तीन पोरं, म्हणजे त्यांचे दोन मुलगे आणि मी, आणि चौथे स्वतः मोठेबाबा. बँकही तेच सांभाळायचे. एकदा मी विचारलं, “मोठेबाबा, बँक मी होऊ का?”

“पेटी कोनाची?” ते म्हणाले.

“तुमची.”

“मंग बँक कोनाची?”

असे त्यांचे धडे असायचे. रोकड ठेवू नोको, जागा ठेव. खेळात नातं पाहाचं नाही. समोरच्याचा खिसा रिकामा झाला, की तेव्हाच भाव करायचा. पैसे संपले की आम्ही बँकेकडे उधार मागायचो आणि ते हात पुढे करून एकच विचारायचे, “काय ठेवतं?” मग आमची जागा गहाण म्हणून त्यांच्या मांडीखाली जायची. धाकट्याला दर डावाला रडू यायचं. त्याला रडताना पाहून मोठेबाबा खूश होत. पोट्टं शिकून राहिलं, म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली नव्हती आणि तीच मी शिकले. माणूस आपल्याला हवी असलेल्या वस्तूला आधी नावं ठेवतो. पटावर रेल्वेची एक जागा होती. ती त्यांना हवी असली की ते तिला शिव्या घालायला सुरुवात करत. “भिकार जागा. भंगार लोहा. कोन घेते हे?” आम्ही पोरं बिचकून ती सोडून द्यायचो. पुढच्या फेरीला ते तिथे पोचले की मुकाट्याने विकत घेऊन टाकायचे. वर म्हणायचे, कोणीतरी घ्या लागते ना बावा.

हे माझ्या आधी आईच्या लक्षात आलं होतं. ती दाराशी बसून तांदूळ निवडायची. तिला कोणी खेळायला बोलावलं नाही आणि जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती बसलीही नसती. पण तिचं लक्ष सुपात कमी आणि पटावर जास्त असायचं. चुलीपाशी मला म्हणायची, “पाह्यलं का? रेल्वेले शिव्या देऊन राहिले. आता घेतीन.” आणि पदरात तोंड लपवून हसायची. आमच्या घरात पैशाची खरी समज कोणाला असेल तर तिला होती. तिच्या हातात कधी पैसा आला नाही, ही वेगळी गोष्ट.

सडकेच्या कडेला आमचा एक तुकडा होता. मुरमाड, धानाला निकामी, चार पळसाची झाडं आणि एक विहीर. ट्रकवाले तिथे सावलीला थांबायचे, विहिरीवर तोंड धुवायचे. एकदा आईने एका ड्रायव्हरला चहा करून दिला, तर तो काठावर पैसे ठेवून गेला. तेव्हापासून तिच्या डोक्यात चहाची टपरी बसली. सकाळी चहा, मग पोहे, मग भजी. दूध किती लागेल, बाकडं कुठे ठेवायचं, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. बाबांना सांगितलं की बाबा “हूं” म्हणायचे. माझ्या बाबांच्या हूंवर आमच्या घरात कितीतरी गोष्टी मेल्या.

मग दोघा भावांचे हिस्से करायची वेळ आली. आमच्याकडे याची एक रीत आहे. थोरल्याने हिस्से पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. रीत मोठी शहाणपणाची आहे. उचलायला आपण मागून, म्हणून पाडणारा लबाडी करणार नाही, असं ती धरून चालते. पंचांनी अंगणात बैठक घातली. मोठेबाबांनी दोन हिस्से पाडले. एकात बोडीच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या, खालच्या बांध्या, कमरेएवढं धान होणारी बांधाची शेतं. दुसऱ्यात सडकेचा तुकडा आणि वर थोडी हलकी जमीन.

धान पिकवणारा माणूस जमीन पाहतो म्हणजे पाणी कुठे थांबतं ते पाहतो. पाणी थांबत नाही ती जमीनच नव्हे. ट्रक कुठे थांबतो हे पाहायची अक्कल त्या अख्ख्या अंगणात दोनच जणांना होती, मोठेबाबांना आणि दाराआड उभ्या असलेल्या माझ्या आईला. त्याच सकाळी तिने बाबांना सांगितलं होतं, “काहीबी होऊ द्या, सडकीचा हिस्सा उचला.”

मोठेबाबांनी पान लावत पंचांना सांगितलं, “सडकीचा तुकडा भिकार हाये. कुत्रं बी मुतत नाही तेथं.”

ते ऐकलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी दारातून ओरडले, “बाबा, सडकीचा घ्या! त्याहीले पाह्यजे म्हणून शिव्या देऊन राहिले!”

पंच हसले. मोठेबाबाही हसले. म्हणाले, “पोट्टी खेळून खेळून बह्याड झाली.” बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, “मी बोडीखालचा उचलतो.” आई आत निघून गेली.

पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगते. वर्षाच्या आत पळसाखाली चहाची टपरी लागली, मोठेबाबांची. मग पंक्चरचं दुकान, मग ढाबा, मग भाड्याने दिलेल्या गाळ्यांची रांग. आई दर पावसाळ्यात रोवणीला त्या सुपीक बांध्यांत उतरायची. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं आणि संध्याकाळी पायांच्या बोटांमधल्या चिखल्या कोमट पाण्यात भिजवत बसायचं. आम्ही उपाशी राहिलो नाही. धान चांगलं व्हायचं. पण टपरीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि लोक बाबांना देवमाणूस म्हणायचे. त्या शब्दाची मला शिसारी आहे. गावात एखादा देवमाणूस असला की त्याच्या बायकोचे पाय पाहून यावेत.

लग्नानंतर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मी रोवणीच्या दिवसांत माहेरी गेले होते. मोठेबाबा थकले होते. मुलांनी त्यांना गाळ्यांच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. धडे पोरांच्या अंगात चांगलेच मुरले होते. मला पाहून त्यांनी खाटेखालून तीच पेटी ओढली. नोटा धड मोजता येत नव्हत्या, म्हणून म्हणाले, “बँक तू हो.”

मी झाले. तासाभरात त्यांच्या नोटा संपल्या. त्यांनी उधार मागितलं. मी हात पुढे केला. “काय ठेवता?”

ते हसले. मला वाटतं, त्यांना माझं कौतुकच वाटलं. म्हणाले, “एवढी हुशार तू. बाप काहून असा निंगाला तुहा? हिश्श्याच्या आदल्या दिशी बोडीवर आला मायाकडं. म्हने, दादा, तुले कोनता पाह्यजे थे सांग, मी दुसरा उचलतो. म्या म्हटलं, सडकीचा. शिव्या तं पंचाहीसाठी होत्या.”

“मग? बदल्यात काय मागितलं बाबांनी?”

“काईच नाही. फुकट भेटला.” मग बोट वर करून, अगदी जुन्या सुरात, “फुकट भेटते थे सोडाचं नाही, पोरी.”

“उधार नाही,” मी म्हटलं आणि नोटा पेटीत कोंबून उठले.

घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. आई जवळच घमेल्यात पाय बुडवून बसली होती. मी तिच्यादेखत विचारलं, “हिश्श्याच्या आधी तुम्ही मोठेबाबांना विचारायला गेला होता?”

बाबा “हूं” म्हणाले. मग म्हणाले, “मोठा भाऊ हाये. त्याच्या मनातलं मी कसं उचलू?”

आईने घमेल्यातून पाय काढले. “त्याहीच्या मनातलं इचाराले बोडीपर्यंत गेले,” ती म्हणाली. “मी तं घरातच होती.”

आई ओले पाय घेऊन आत गेली. त्या दिवशी तिने बाबांना ताट वाढलं नाही. मीही वाढलं नाही. बऱ्याच वेळाने ते उठले आणि आपल्या हाताने वाढून घेऊन जेवले.