बुधवारची नळी

आमची मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, रविवारी घरात आलेलं मटण बुधवारपर्यंत पुरवायची. पारनेरकडच्या आमच्या गावात चार घरं मिळून बोकड कापायची आणि वाटे घालायची. आमचा वाटा एका बैठकीत फस्त करतील एवढी तोंडं घरात होती, पण तिच्या पळीपुढे कुणाचं काही चालत नसे.

रविवारी बारीक फोडी आणि भाजलेलं बाजरीचं पीठ लावलेला रस्सा. मंगळवारी उरल्यासुरल्या फोडींत हुलगे. बुधवारी नुसती हाडं, आणि त्यांत मगजाने भरलेली नळी. ती कुणी आधी मागितली तर म्हणायची, "आत्ताच खाल्ली तर बुधवारी काय नुसत्या पान्याला फोडनी देऊ?"

मधला सोमवार पाळायचा. त्या दिवशी पातेलं घरात नको म्हणून गोठ्यात, शिंक्यावर. मटण नासू नये म्हणून ती सकाळी अंगणात तीन दगडांवर त्याला कढ द्यायची आणि वास साऱ्या आळीला जायचा. "वैनी, खायाचं न्हाई, पर हुंगलेलं चालतंय न्हवं?" धाकटे काका विचारायचे. आपल्या या दिराला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. ते फौजेत होते, लढाईचे दिवस होते. ते रजेवर आले की नळी त्यांची, हे ठरलेलं.

अशाच एका रजेत सोमवारी सकाळी तार आली, ताबडतोब हजर व्हा म्हणून. पातेलं नुकतंच दगडांवरून उतरलं होतं. पिशवी भरता भरता काकांनी तिकडे पाहिलं.

"वैनी, माजी नळी?"

"आज सोमवार हाय, सोपाना. पुढच्या खेपेला दोन देते."

काका हसले, तिच्या पाया पडले आणि नगरच्या वाटेला लागले. ब्रह्मदेशातून ते परत आलेच नाहीत.

बातमी आल्यावर तिने देवाला बोल लावला नाही, स्वतःला लावला. "माज्या हातात हुतं," एवढंच म्हणायची. सोमवार तिने मरेपर्यंत पाळला. नळी राखून ठेवणं मात्र सोडलं. रविवारी वाढायला बसली की आधी विचारायची, "लवकर कोन जानार हाय?" नळी त्याच्या ताटात. बुधवारचा रस्सा मग पाणचट व्हायचा. तिच्या देखत आम्ही तो मुकाट्याने प्यायचो.

पुढे मी शिकायला नगरला निघालो, तेव्हा ती नळी माझ्या ताटात आली. मला मगज मुळीच आवडत नाही. पण मोठी आई समोरून हलेना. मी नळी ताटावर आपटली, ओढली, कसाबसा एकेक घोट गिळला. काकांच्या वाटणीचं खातोय असं वाटत होतं, आणि तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

शेवटी तिने ती नळी माझ्या हातातून घेतली, दाराच्या उजेडाकडे धरून आत काही राहिलंय का ते पाहिलं, आणि म्हणाली, "हां. आता जा."