बेटाचं बेणं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कल्याणच्या एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर उसाची मोळी बसली होती आणि तिचा मालक उभा होता. पन्नाशीचा, अंगानं सुक्या बोंबलासारखा. कुणाचा धक्का लागला की मोळीवरचं पाचट पुन्हा नीट दाबायचा.

आमच्या जुन्नरात ऊस दिसला की कांडकं मागायची रीतच आहे. मी मागितलं.

"खायचा नाय, बेणं आहे," तो म्हणाला. आमच्याच तालुक्यातल्या बोरी गावातून नेत होता, थेट समुद्रकाठच्या आपल्या गावी लावायला.

कंडक्टर हसला. "पावणं, तिकडं कारखाना कुठंय? तुमी भातच लावा राव!"

"तुमच्याकडे आधी काय आलं? कारखाना की ऊस?"

"ऊसच. आधी गुऱ्हाळंच व्हती."

"मग मी तेच नेतोय. पोरं मुंबईला जायची थांबली पाहिजेत."

कंडक्टरचं हसू गेलं. "मग कांडीवरचे डोळे जपा. एका डोळ्याला कोंब फुटला की अख्खं बेट व्हतंय."

उसाच्या ठोंबाला आम्ही बेट म्हणतो. खाडीकडच्या त्या माणसाला मात्र बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी. अर्थ कळल्यावर तो पहिल्यांदाच हसला.

"बरोबर आहे. सगळीकडे भात आणि मधे माझ्या एकट्याचा ऊस. बेटच की ते!"

कारखाना म्हटलं की मला धुराडंच आठवायचं. आमच्याकडेही आधी कुणीतरी असाच मोळी घेऊन उभा राहिला असेल, हे कधी सुचलंच नव्हतं.

माळशेजच्या वळणांवर गाडी हेलकावू लागली, तेव्हा मी उठलो आणि मोळीचं दुसरं टोक धरलं.