दीक्षितपुऱ्यातला टांगानिका

घरी मासे पाळणारे चार जण एकत्र बसले की माशांबद्दल कमी आणि पाण्याबद्दलच जास्त बोलतात. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये किस्से इतके साठलेत की त्यांना वेगळा टँक लागेल. बहुतेक किस्से मोहरीलकाकांचेच. काका डिफेन्स फॅक्टरीच्या तपासणी विभागातून रिटायर झाले आणि दीक्षितपुऱ्यातल्या घरी त्यांनी आफ्रिकेच्या टांगानिका तलावातले मासे आणले. बोटाएवढे मासे, राहतात शंखात, पण पाणी हवं थेट त्या तलावासारखं, क्षारांनी जड झालेलं. म्हणून काका नळाच्या पाण्यात क्षार मोजून मिसळतात.

टँकला हॉलमध्ये एकच कोपरा होता आणि तिथं काकूंची शिलाई मशीन होती. मशीन माळ्यावर गेली त्या दिवशी काकूंनी अट घातली, "दिवाळीपर्यंत पिल्लं झाली तर ठीक. नाही तर मासे बाहेर, माझी मशीन आत." काकूंच्या कोर्टात अपील नसतं.

*

सुरुवातीलाच एप्सम सॉल्ट लागलं. लोक ते जुलाबासाठी चमचाभर घेतात. काका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमधून किलोनं न्यायला लागले.

पहिल्या काही वेळा दुकानदारानं मुकाट्यानं दिलं. मग एक दिवस काउंटरवरून वाकून हळूच म्हणाला, "अंकलजी, डॉक्टर को दिखा लो. इतने से भी नहीं हो रहा तो मामला सीरियस है."

काका म्हणाले, "मेरे लिए नहीं है भैया, मछलियों के लिए है."

तेव्हापासून तो त्यांच्याशी फारच प्रेमानं बोलतो.

*

अजित आमच्यातला उतावळा. रिछाईतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. एक क्षार पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही, हे काकांनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. पठ्ठ्यानं कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा एकाच मगात कालवला आणि बादलीत ओतला. बादली दुधासारखी पांढरीफटक झाली.

काका एवढंच म्हणाले, "बॅच रिजेक्ट." फॅक्टरी सुटली तरी हा शब्द काही सुटला नाही. एकदा काकूंच्या चहालाही त्यांनी तो लावला होता. तेव्हापासून सकाळचा चहा काकाच करतात.

काकूंनी मात्र ती बादली फेकू दिली नाही. तळाशी बसलेला गाळ वाळवला, कुटला, चाळला आणि दसऱ्याला दारात त्याची रांगोळी काढली. शेजारची दीदी विचारून राहिली, "आंटी, इतना सफेद कहाँ से लाईं?"

काकू म्हणाल्या, "अफ्रीका से."

*

याच अजितला मुलगी दाखवायला आम्ही गढ्याला गेलो होतो. पोहे आले, पाण्याचे ग्लास आले. आमच्या सगळ्यांच्या खिशात पाणी तपासायचं किट असतं. थेंब टाकत जायचे, रंग बदलला की पाणी किती जड ते कळतं. मला वाटलं, आज तरी हा गप्प बसेल.

अजितनं ग्लासातलं पाणी छोट्या नळीत घेतलं आणि सगळ्यांदेखत थेंब मोजायला लागला. मुलीचे वडील बघतच राहिले. शेवटी अजित म्हणाला, "बोअरचं आहे ना? फार हार्ड आहे. तुमच्याकडे डाळ शिजत नसेल."

त्याच्या आईनं डोळे मिटून घेतले.

मुलगी मात्र वडिलांकडे वळली. "पाहा बाबा, मी काय सांगून राहिले होते? पाणीच खराब आहे. तुम्ही सगळे मलाच नावं ठेवता."

लग्न झालं. आता ते किट तिच्या पर्समध्ये असतं.

*

दिवाळी आली, पिल्लं मात्र आली नाहीत. काका शब्दाचे पक्के. धनत्रयोदशीच्या सकाळी त्यांनी स्वतःच अजितला आणि मला टँक रिकामा करायला बोलावलं. मासे घेऊन जायला अजितनं डबाही आणला होता. काका नळी लावून पाणी काढत होते. वर्षभर त्या पाण्यासाठी त्यांनी काय काय केलं ते मी पाहिलं होतं, मला फार वाईट वाटत होतं. माळ्यावरून उतरवलेली मशीन काकूंनी पुसूनही ठेवली होती.

एका शंखातली मादी काही बाहेर येईना. "आणा इकडे, नळाखाली धरते," म्हणत काकूंनी तो शंख उचलला, ताटलीत ठेवला आणि चष्मा वर करून आत डोकावल्या. मग नळाकडे गेलेला हात मागे घेतला.

"नळाचं नको," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच तलावाचं पाणी द्या. लवकर."

आम्ही वाकून पाहिलं. शंखाच्या तोंडाशी मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती. काका कसेबसे म्हणाले, "बॅच... पास."

अजित तसाच उभा, हातात उघडा डबा. "काकू, मग यांना न्यायचं ना? मशीन लावायची आहे."

काकूंनी पदर खोचला आणि मशीन पुन्हा माळ्याच्या शिडीकडे ढकलायला लागल्या.

"काहून रे," त्या म्हणाल्या, "बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढते का?"