बरणीवाली डॉक्टर

तुमच्या दारात रोज सकाळी पांढऱ्या कोटातली एखादी पोरगी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काल रात्री ताप होता का?", तर तुम्ही खरं सांगाल? विचार करून बोला. साथीच्या त्या वर्षी आमच्या अर्ध्या गल्लीने थापा मारल्या होत्या. मला ठाऊक आहे, कारण आमच्या कामाग्वे शहरात दोन घरांत भिंत एकच असते आणि खोकला भिंतीला जुमानत नाही.

मी मिग्दालिया. शिवणकाम करते आणि गल्लीसाठी भांडते. नळ कोरडा पडला, पावाची गाडी आली नाही की लोक आधी माझं दार वाजवतात, मग मी साहेबांचं वाजवते. शाळा लवकर सुटली. बाकीचं शिक्षण रांगेत उभं राहून झालं, आणि ते कुणाहून कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्या वर्षी वैद्यकीय विद्यापीठ उघडलं, पण वर्गाची कुलुपं निघाली नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोरांना थेट गल्ल्या वाटून दिल्या: घरोघर जा, ताप-खोकला विचारा, दवाखान्यात येऊन सांगा. आमच्या वाट्याला लियानेत आली. गाव नाहासा, गाईगुरांचा मुलूख. मामेबहिणीचा कोट घातलेला, बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. दार वाजवायची तेही असं, की आतल्याला वाटावं, वाऱ्याने हललं.

मी तडक दवाखान्यात गेले. डॉक्टर ओदाल्मिस खिडकीशीच बसल्या होत्या.

"डॉक्टरीणबाई, ही पोर शिकायला आलीय की दारं मोजायला?"

"तिचं वर्ष सुरू झालंय, मिग्दालिया. तुमच्या गल्लीतच."

"म्हणजे आम्ही फळा?"

"छे. फळा गप्प बसतो."

मी आणखीच चिडून परत आले.

गल्लीने पोरीला सळो की पळो करून सोडलं. कुणी म्हणे, "डॉक्टर होशील तेव्हा ये." कुणी झोपेचं सोंग घेई. पण सगळ्यांत अवघड खिडकी एवेलिओची. एवेलिओ रेल्वेतून निवृत्त झालेला, एकटा जीव. इंजिनात बसून मागच्या तिसऱ्या डब्याच्या चाकाचा आस तापला तरी आपल्याला वास यायचा, असं तो सांगायचा. खरंखोटं देव जाणे, पण दुकानावरच्या कॉफीच्या पुडीत भाजलेला वाटाणा किती मिसळलाय, हे तो नुसतं हुंगून सांगे आणि गल्ली ते मान्य करी.

पहिल्याच दिवशी त्याने खिडकीच्या गजांतून कॉफीचा कप पुढे केला.

"घे पोरी."

"आजोबा, मास्क काढायची परवानगी नाही."

"मग मला विचारायचीही परवानगी नाही," म्हणून त्याने खिडकी लावली. त्यानंतर रोज आतूनच ओरडायचा, "ताप नाही, खोकला नाही, जा."

पोरगी माझ्या पायरीवर बसून डोळे पुसायला लागली. मला रडणं सहन होत नाही. मी म्हटलं, "तुमच्या नाहासात घरी आलेल्याला काय देतात?"

"दूध."

"आणि नको म्हटलं तर?"

"आई बोलणं टाकते."

"मग? एवेलिओला काय वेगळी आई होती?"

दुसऱ्या दिवशी ती झाकणाची काचेची बरणी घेऊन आली. खिडकीपासून लांब उभी राहून म्हणाली, "आजोबा, यात ओता. खोलीवर जाऊन पिते. कशी झाली ते उद्या सांगते."

खिडकी उघडली. बरणी ओट्यावर ठेवून ती मागे सरकली. एवेलिओने ती न उचलताच नाक मुरडलं. "लोणच्याची आहे. व्हिनेगरचा वास मारतेय. धुवून आण."

तिने लिंबू लावून घासून आणली. तेव्हा कुठे त्याने कॉफी ओतली आणि ताप-खोकल्याची उत्तरंही नीट बसून दिली. आठवडा संपायच्या आत तिचं नाव पडलं, बरणीवाली डॉक्टर. आधी ते चिडवणं होतं. मग कुणी बरणीबरोबर पेरूची वडी ठेवू लागलं.

मी तिचा कोट घेतला आणि बाह्या दुमडून कच्चे टाके घातले. शिलाई मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, राहू दे. कोट आहे तसा परत द्यायचाय. बाबा शनिवारी दुधाच्या गाडीतून न्यायला येतायत."

"का?"

"म्हणतात, दारं वाजवायला शिकवायला विद्यापीठ कशाला पाहिजे. गाई कोण बघणार?"

"आणि तुझी जागा?"

"गेले की गेली."

"तुला जायचंय?"

ती बाहीकडे बघत राहिली. "एकही धडा शिकले नाही मी अजून. त्यांना सांगू काय?"

मी कोट तिच्या अंगावर फेकला. कच्चे टाके मात्र उसवले नाहीत. उसवायचे असले तर तिने उसवावेत.

शुक्रवारी सकाळी मशीनवर बसले होते, तर रबर जळल्याचा वास आला. वाटलं, वायर जळाली. बाहेर आले तर निम्मी गल्ली नाकाला रुमाल लावून उभी. समोर एवेलिओच्या खिडकीशी लियानेत, आणि आत तो अगदी मजेत तिच्या बरणीत कॉफी ओतत होता.

"घे. आजची खास जमलीय."

तो मागे सरल्यावर तिने बरणी उचलली. मास्कवरूनही तिचे डोळे बारीक झालेले दिसले. "आजोबा, यात काय घातलंय?"

"प्रेम."

"भांड्याचं रबर जळलंय. पाणी आटलं असेल."

"माझी कॉफी जळकी?" एवेलिओचा आवाज चढला. "शेण काढणाऱ्या पोरीने मला कॉफी शिकवायची? ताप नाही, खोकला नाही. चल, नीघ."

त्याने खिडकीला हात घातला. मला वाटलं, आता ही रडत माझ्या पायरीवर येणार. पण तिने बरणी ओट्यावर ठेवली आणि जागची हलली नाही.

"लावा खिडकी. पण आधी डबा हुंगा आणि सांगा, या पुडीत वाटाणा किती."

"एवढंच?" तो हसतच डबा घेऊन आला. झाकण काढलं, नाक आत घातलं. डोकं वर काढलं. पुन्हा घातलं. या वेळी बराच वेळ काढलं नाही.

मग त्याने रस्त्यापलीकडे माझ्याकडे बघितलं. "मिग्दालिया, तुला जळका वास येतोय?"

"अख्ख्या गल्लीला येतोय, एवेलिओ."

त्याने डब्याचं झाकण हळूच लावलं आणि झुलत्या खुर्चीत बसला. "म्हणजे साथच. मला इस्पितळात नेणार."

"नेतील," लियानेत म्हणाली. "लवकर कळलंय, तेवढं बरं."

"आणि परत आणतील हे तुला कुणी सांगितलं? पहिल्या वर्षाला आहेस तू."

"कुणी नाही सांगितलं."

हे उत्तर त्याला आवडलं असावं. त्याने खुर्चीचं झुलणं थांबवलं. मग म्हणाला, "मी आलो तर तू असशील का इथं? उद्या तुझा बाप येतोय म्हणे. गल्लीभर झालंय."

खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर वेळ मारून नेली असती. ती मनात काहीतरी ठरवत होती, आणि ते ठरेपर्यंत बोलली नाही.

"असेन."

"मग बोलाव गाडी."

दुपारी त्याला नेलं. त्याच्या भिंतीला भिंत असलेल्या दोन घरांतही तपासणीत साथ सापडली. तिथे चार दिवस आधीच खोकला होता आणि दार उघडून "छान आहोत" म्हणत होते. त्यांनाही नेलं.

शनिवारी बाप आला. मी कात्री हातात घेऊनच बाहेर पडले, कारण बोलायला बरंच साठवून ठेवलं होतं. पण आधी तीच बोलली.

"बाबा, मी येत नाही."

"का?"

"इथल्या एका म्हाताऱ्याला इस्पितळात नेलंय. परत आल्यावर मी असेन म्हणून सांगितलंय."

"त्याच्यासाठी गाई सोडायच्या?"

"त्याला वास येत नव्हता, बाबा. ताप नव्हता, खोकला नव्हता. तरी मला कळलं."

बाप टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग माझ्याकडे वळला, जणू मीच न्यायाधीश. "गाय आजारी पडायच्या आधी चारा नुसता हुंगून सोडते. हे मी दाखवलं होतं हिला, एवढीशी असताना."

"मग आता नेऊन काय करणार?" मी म्हटलं. "गाईंना तुम्ही आहात."

साठवलेलं बाकी सगळं वाया गेलं. त्याने गाडीतून चीज आणि अळकुड्यांचं पोतं उतरवलं आणि पोरीला म्हणाला, "कोट मोठा होतोय तुला."

"होत नाही," मी म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी बाह्यांवर पक्की शिलाई मारली.

एवेलिओ परत आला तो वाळून काटकी झालेला, आणि नाक अजून मुकंच. आता तो कॉफी ओतायचा आणि दुसऱ्या दिवशी वाट बघत बसायचा.

"कशी झाली होती?"

"पातळ."

"खोटं बोलत असशील."

"मी इथं विचारायला येते, आजोबा. खोटं तुम्ही बोलता."

वर्ग उघडले, तशी ती दुपारी विद्यापीठात जायला लागली. सकाळी मात्र गल्लीच. एकदा बरणी फुटली, म्हणून ती नवी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवली. एवेलिओ किटली घेऊन खिडकीशी आला आणि थबकला. मान पुढे काढली.

"ही लोणच्याची आहे," तो म्हणाला. "धुवून आण."

लियानेत तिथेच ओट्याखाली बसली आणि हसता हसता तिचा मास्क भिजला. मी मशीन सोडून उठले नाही. डोळ्यांत दोरा गेला होता.

आता तुम्हाला सांगते. तुमच्याकडेही येईल कुणीतरी, अंगाला न बसणाऱ्या कोटात, शिकायला सुरुवात केलेलं. दार वाजवायलाही त्याला जमत नसेल. तुमच्याकडे पाहुण्याला जे देतात ते द्या, बरणीत ओतून द्या. पण आधी दार उघडा, आणि विचारेल त्याचं खरं उत्तर द्या.