तरवडाचा पाला
तरवडाचा पाला चुरगळला की त्या उग्र वासाबरोबर मला सहकारी साखर कारखान्याच्या वाचनालयातलं रानवनस्पतींचं पुस्तक आठवतं. दुष्काळानं कारखाना बंद होता, वाचनालय तेवढं उघडं असायचं. पुस्तक पाठ करून मी वर्गमैत्रिणीला बांधावर नेलं; ती आईबापासंगं ऊसतोडीला जायची. करपलेल्या रानात एकटाच हिरवा उभा असलेला तरवड दाखवून मी पुस्तकातले त्याचे गुण सांगू लागले, तर ती हसली, "आगं, ह्याचा पाला आमी फडात डोक्याला बांधतो. ऊन बाधत न्हाई." पुस्तकात हे नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला. "ते पुस्तक मला देती का वाचायला?" तिनं विचारलं. "दुसऱ्याला द्यायची परवानगी नाही," मी चक्क खोटं बोलले. आज मी स्वतः लिहिलेल्या पुस्तकात तरवडाचा तो गुण छापलेला आहे; तिचं नाव मात्र अजूनही लिहवत नाही.