रुमालाखालचं संशोधन

नांदेड-लातूर रस्त्याने वरचेवर जाणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. रस्ता असा की झोप लागत नाही, आणि गाडीत बिराजदार सर असले की कुणाला झोपूही देत नाहीत. आमची ही तिघांची टोळी. मी नांदेडच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो. बिराजदार सर लातूरला इतिहास शिकवतात आणि गाडी त्यांची असते. तिसऱ्या शमीम मॅडम. उदगीरच्या आडत दुकानदाराची मुलगी, आर्थिक इतिहासात पीएचडी, आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर रामराम!

कुठे सेमिनार निघाला, कुठे प्रोजेक्टसाठी अर्ज मागवले, की आम्ही निघालो. आमची विद्वत्ता त्याने किती वाढली ते विचारू नका.

*

एकदा उदगीरच्या एका कॉलेजात व्यापाराच्या इतिहासावर राष्ट्रीय परिषद ठरली. राष्ट्रीय म्हटली की परराज्यातला निदान एक तरी वक्ता पाहिजे. प्राचार्यांकडे तिकिटाला पैसे नव्हते. ते डोक्याला हात लावून बसले.

बिराजदार सर म्हणाले, "बीदर कर्नाटकात हाय का न्हाई?"

झालं! बीदरचे एक प्राध्यापक एसटीने आले. आम्हाला नांदेडहून यायला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता, पण शाल त्यांना. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाले, "केवळ या विषयाच्या ओढीने सर परराज्यातून खास आपल्यासाठी आलेले आहेत!"

सर माईकपुढे आले. "खास असं काय नाही. माझी बहीण इथंच मोंढ्याच्या मागं राहते. दर रविवारी मी जेवायला येतो."

जेवणाच्या सुट्टीत बीदरचे सर बहिणीकडे गेले ते परत आलेच नाहीत, आणि राष्ट्रीय परिषद पुन्हा राज्यस्तरीय झाली.

*

त्याच परिषदेचं उद्घाटन संस्थेच्या दादासाहेबांनी केलं. व्यापाराचा इतिहास म्हटल्यावर त्यांना स्वतःचा पेट्रोल पंप आठवला. मग दुसरा पंप, मग मंगल कार्यालय. पेपर वाचणाऱ्यांचा वेळ त्या मंगल कार्यालयातच संपला.

शमीम मॅडम उठल्या तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत तर रुमालाखालचा सौदापण होत नाही, सर!"

"कसला सौदा?" दादासाहेब एकदम जागे झाले.

मग मॅडमनी सांगितलं. जुन्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आणि बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरत, वरून रुमाल टाकत, आणि जितकी बोटं दाबली तितका आकडा. शेकड्यात की हजारात, ते दोघांना आधीच ठाऊक. भोवती गर्दी उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही.

"अब्बांच्या दुकानी मी बाहेर बसून बघायचे," त्या म्हणाल्या. "रुमाल हलायचा. आत काय चाललंय ते पोरीनं विचारायचं नसतं, असं सांगायचे. म्हणून मी पीएचडी केली!"

मला ते लागलं. तेवढ्यात दादासाहेब म्हणाले, "अहो मॅडम, हे तर आम्ही इलेक्शनच्या टायमाला अजून करतो. ह्याच्यात हिस्ट्री काय हाय?"

*

बिराजदार सरांचा एकच प्रस्ताव आहे. सोयाबीनचा. कुठल्याही संस्थेची जाहिरात निघाली की सर त्याचं शीर्षक बदलतात. स्त्रियांवर अर्ज मागवले की 'सोयाबीन आणि स्त्रिया'. हवामानावर मागवले की 'सोयाबीन आणि हवामान'. आतलं तेच, परिशिष्टासकट.

एका सकाळी त्यांचा शमीम मॅडमना फोन. "शमीम, मंजूर झालं! लई मोठी संस्था हाय!"

"मुबारक हो सर! विषय कुठला?"

"तेच विचारून राहिलो. तुला पाठवलतं ना वाचायला? मी कशावर काम करनार हाय?"

मॅडमनी मेल काढून बघितलं. 'सोयाबीन आणि सागरी व्यापार'!

ज्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं, तिथले आमचे सर असे समुद्राचे अभ्यासक झाले.

*

मॅडमचा प्रस्ताव मात्र एकच आणि शीर्षकही एकच: रुमालाखालचा सौदा. तो जाणणारी माणसं म्हातारी झाली आहेत, त्यांच्याकडून आताच सगळं टिपून घ्यायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी आम्ही एकदा बैलबाजारात गेलो. तिथे मारोतीमामा म्हणून एक दलाल भेटले. सगळं सांगायला तयार. मॅडमनी हात पुढे केला आणि मामा दोन पावलं मागे सरकले.

"बाईचा हात रुमालाखाली? न्हाई जमायचं ताई. सांजच्याला घरी गेल्यावर मला जेवाया कोन वाढंल?"

मॅडमनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला मामांचा राग आला. त्यांचा एकट्याचा तरी कशाला, सगळ्या बाजाराचा आला.

मग मामांनी बिराजदार सरांचा हात घेतला. सर हुरळले! मामांनी मॅडमना नीट ऐकू जाईल असं सांगितलं. "ह्ये एक बोट. ही चार. सबंद पंजा म्हंजे पाच. आन् बोटाचं पेर दाबलं की वरचा अर्धा. ह्ये पुस्तकात न्हाई गावायचं." मॅडम भराभरा लिहून घेत होत्या.

"आता खराखुरा करून दावतो," म्हणून मामांनी सरांचा हात एका देवणी जातीच्या गोऱ्ह्याच्या मालकाच्या हातात दिला आणि वर रुमाल टाकला. मालकाने बोटं दाबली. सरांनीही हौसेनं दाबली. तिथवर ठीक होतं. पण सरांना सेमिनारची सवय! कार्यक्रम संपला असं समजून त्यांनी मालकाचा हात घट्ट दाबून हलवला, "थँक्यू व्हेरी मच" म्हणाले आणि सोडला.

"झाला, झाला!" गर्दी ओरडली. मालकाने गोऱ्ह्याचं दावं सरांच्या हातात दिलं.

"अहो, मी संशोधन करून राहिलो!"

"करा की," मामा म्हणाले. "पन हात सोडला की सौदा झाला. आता मागं फिरायचं न्हाई."

सरांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. वहिनी फोनवर काय बोलल्या ते मी इथे लिहू शकत नाही. शेवटी गोऱ्हा निलंग्याला मेव्हण्याच्या शेतावर गेला.

*

मॅडमच्या पुढच्या अर्जात सरांनी हट्टाने गोऱ्ह्याची किंमत बजेटमध्ये घालायला लावली. म्हणाले, संशोधनातच खर्च झाला ना! बैलाला रकाना नव्हता, म्हणून आम्ही तो 'उपकरणे' या सदरात बसवला.

अर्ज परत आला. परीक्षकाचा शेरा होता: "उपकरणाचा घसारा दाखवलेला नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कॉमर्सवाला मी. आता खाऊन पिऊन दिवसेंदिवस वाढणाऱ्या उपकरणाचा घसारा कसा काढायचा, हे मला बीकॉमला कुणी शिकवलेलं नाही!

आम्ही हसलो, पण मॅडम हसल्या नाहीत. याआधीही त्यांचे अर्ज परत आले होते. वयाची अट पंचेचाळीसची, आणि त्यांना पंचेचाळिसावं लागलेलं. म्हणजे आणखी एकदाच अर्ज करता येणार. प्रोजेक्ट मिळालं तर निदान काही वर्षं महिन्याचा पगार आणि स्वतःचं काम. नाही मिळालं तर तासिका आहेतच, त्याही कॉलेजची मर्जी असेल तर. एवढी शिकलेली, एवढी कामाची बाई आम्ही तासावर राबवतो आणि शिक्षकदिनाला तिच्याकडूनच भाषण लिहून घेतो. लाज वाटायला पाहिजे, दुसरं काय!

*

शेवटच्या अर्जातून आम्ही गोऱ्हा काढून टाकला. मुलाखतीला बोलावणं आलं, पुण्याला. सह-संशोधक म्हणून माझं नाव होतं, म्हणून मीही आत गेलो. बिराजदार सर बाहेर गाडीत.

समोर अध्यक्ष आणि दोन सदस्य. कोपऱ्यात आणखी एक वयस्क मॅडम. केस पांढरे, साडी कडक इस्त्रीची. ओळख करून दिली तेव्हा नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाल्या होत्या, तेही वर न बघता.

शमीम मॅडमनी विषय सुंदर मांडला. दाखवायला पर्समधून पांढराशुभ्र मोठा रुमालही आणला होता. एक बोट, चार बोटं, पंजा. वेळ संपत आला म्हणून बाकीचं राहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "इंटरेस्टिंग. पण बजेट फार आहे."

एक सदस्य म्हणाले, "निम्मं करा." दुसरे म्हणाले, "निम्मं कशाला? पाव पुरे. रुमालाला कितीसे पैसे लागतात!" तिघेही हसले. मग त्यांच्यात आकडे सुरू झाले, दीड, एक, सव्वा, आणि आमच्या डोळ्यांदेखत शमीम मॅडमच्या कामाची हर्राशी लागली. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. आता रडतील असं वाटलं.

"सर," त्या म्हणाल्या, "चारचौघांत भाव बोलला की मालाची किंमत पडते. आमच्याकडं रुमाल टाकतात."

आणि त्यांनी टेबलावर हात पुढे केला, त्यावर रुमाल टाकला.

अध्यक्षांनी त्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचा हात हळूच टेबलाखाली घेतला. मला एकदम मारोतीमामा आठवले. पुण्यातला एसी हॉल काय आणि बैलबाजार काय! शमीम मॅडमचा हात तसाच पुढे. मला तो मागे ओढून घ्यावासा वाटत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली. त्या पांढऱ्या केसांच्या मॅडम उठल्या, टेबलापाशी आल्या, हातातली पाटली वर सारली आणि रुमालाखाली हात घातला.

रुमाल हलला. शमीम मॅडमनी मान हलवली, नाही. पुन्हा हलला. पुन्हा नाही. मी अगदी जवळ होतो, पण मला काही म्हणता काही कळत नव्हतं. तिसऱ्यांदा रुमाल हलला आणि शमीम मॅडम दचकल्या.

"पेर?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "पण मॅडम, पेराचं तर मी सांगितलंच नव्हतं..."

"चूप. रुमालाखालचं बोलायचं नसतं."

शमीम मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान डोलावली. हात सुटले.

अध्यक्ष गडबडले. "मॅडम, पण... आकडा काय लिहायचा?"

त्या वयस्क मॅडमनी रुमालाची नीट घडी घातली, शमीमच्या हातात ठेवली आणि अध्यक्षांपुढचा कागद स्वतःकडे ओढला.

"मी लिहिते. हात सोडला की सौदा झाला, आता मागं फिरायचं न्हाई. बोलवा पुढच्याला!"